शालूच्या आवाजात

हेमा : म्हणजे तुमच्या अंगात शालूचं भूत आलं आणि त्यानं खुनी पकडून दिला? मावशी, माझ्या कॉमिकमधला डिटेक्टिव्ह भुताखेतांच्याच केसेस घेतो. वाघोलीत असं खरंच घडलंय कळलं, म्हणून आले.

मथुराबाई : ते गाव सांगतं तसं. माझं येगळं हाय.

हेमा : शालू तुमची जाऊ ना?

मथुराबाई : थोरली. मी नवी नवरी. तिनंच मला त्या घरात रुळवलं. एका दुपारी वैरण आणाया गोठ्यामागं गेले, तर थोरलं दीर, सर्जेराव, तिचा गळा आवळत हुते. मी कडब्याच्या गंजीआड बसले. तिथनंच समदं बघितलं. मग त्यांनी तिला पडक्या विहिरीत टाकलं, वर दगडं लोटली. आन् गावभर सांगितलं, बायको कुणासंगं तरी पळाली.

हेमा : तुम्ही कुणालाच सांगितलं नाही?

मथुराबाई : नवऱ्याच्या कानावर घातलं. म्हणाला, पुन्हा बोललीस तर तुझीबी तीच गत. तिकडं शालूची आई सारखी येऊन लेकीचं इचारायची आन् शिव्या खाऊन माघारी जायची. मग नवरात्र आलं. देवळाम्होरं हलगी वाजत हुती, बायांच्या अंगात येत हुतं. अंगात आलेल्या बाईला गप बस म्हणायची कुणाची छाती हुत न्हाई.

हेमा : म्हणजे… तुम्ही मुद्दाम?

मथुराबाई : केस सोडले आन् घुमाया लागले. म्हणलं, मी शालू हाय, पडक्या विहिरीत हाय, नवऱ्यानं मारलं मला. समदं गाव तिकडं धावलं. दगडं निघाली, ती निघाली. सर्जेरावांनी भ्यानं तिथंच कबूल केलं. पोलीस घेऊन गेले, जन्मठेप झाली.

हेमा : हे भुतापेक्षा भारी आहे. पण मग माझ्या स्टोरीत भूतच उरत नाही हो. एकदाही तुम्हाला वाटलं नाही, की आत खरंच कुणीतरी आहे?

मथुराबाई : मला न्हाई. तिच्या आईला वाटलं. विहिरीपाशी आली, माझं तोंड वंजळीत धरलं. "शाले," म्हणाली, "लई दुखलं का गं?"

हेमा : मग?

मथुराबाई : म्हणलं, "न्हाई आये. लगीच डोळा लागला."

हेमा : लगेच गेली होती ती?

मथुराबाई : लई येळ लागला, पोरी. पर ते आईला कसं सांगायचं?