खऱ्याला रजेवर पाठवणारी बाई

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न विचारतो — एक अक्षरही खोटं न बोलता माणसाच्या हातून पाप घडतं का हो? पहिल्या रांगेतले काका मान हलवतायत — नाही घडत! वा! काका, निवृत्त झालात ना? म्हणून एवढी खात्री!

बरं. आपल्या पुण्यात एक कंपनी. परदेशातल्यांची सॉफ्टवेअरची कामं इथं बसून करायची. तुमच्यातल्या निम्म्यांची पोरं तेच करतात! तिथं दर्जा सांभाळायला एक बाई — हेमांगी राजोपाध्ये. एकदम सरळमार्गी! ऑफिसचं पेनसुद्धा कधी घरी नेलं नाही.

पण नुसत्या सरळपणावर धंदा वाढतो होय? सर्टिफिकेट हवं! दर्जाचं, सगळ्यात वरच्या पायरीचं! ते भिंतीवर लागलं की परदेशी इस्पितळांचं मोठं काम मिळणार. नाही लागलं, तर कितीतरी पोरं घरी बसणार. त्यासाठी तपासनीस येणार होते. ते ऑफिसात हजर असलेल्या कुणालाही बोलावतात आणि विचारतात — "काम कसं होतं, सांगा."

आणि तिथं होता मिरजेचा मुनीर मुजावर! काम गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी तपासायचं, ही त्याची नोकरी. तोंडाचा फटकळ! हेमांगीच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, तपासायला वेळच देत नाहीत. तारीख आली की 'झालं' म्हणायचं न् पाठवून द्यायचं. एक दिवस अंगाशी येईल हे!"

कंपनीचे मालक घाटगे साहेब घाबरले. "हेमांगी, हा बाबा तपासनिसांपुढे बोलला तर संपलं सगळं!"

आता काय करील बाई? 'खोटं बोल रे' म्हणून सांगेल? छे छे! संस्कार आहेत ना! ती गोड हसली. "मुनीर, आईला भेटून किती दिवस झाले रे? जा, आठवडाभर राहून ये. रजा मी देते."

बिचारा हरखला! येताना मॅडमसाठी घरचं भडंग घेऊन आला. तोवर तपासनीस येऊन गेले होते, सर्टिफिकेट पक्कं झालं होतं. आणि हेमांगीनं ते भडंग खाल्लं, मंडळी! तिच्या घशाखाली उतरलं!

पेटीवाले, थांबा जरा. पुढचं सुरात सांगता येत नाही.

इस्पितळांचं काम आलं. कंपनी फुगली, नवी इमारत झाली. तपासायला वेळ मात्र पूर्वीपेक्षाही कमी! आणि तिकडे समुद्रापार एका इस्पितळात तापानं फणफणलेली एक चिमुरडी आली. औषध किती द्यायचं, ते यांचं सॉफ्टवेअर सांगणार. पोरीचं वजन लिहिलेलं पौंडात — त्यानं धरलं किलोत! दुपटीहून जास्त औषध गेलं. पोर गेली हो! आईच्या मांडीवर गेली!

चौकशी बसली. पडद्यावर परदेशातले साहेब, इकडे घाटगे, हेमांगी आणि मुनीर. घाटगे म्हणाले, "आमची पद्धत बिनचूक आहे. सर्टिफिकेटच आहे तसं! तेव्हा चुकला असेल तर हा माणूस चुकला."

बघा! कागद निर्दोष ठरला की माणूस दोषी ठरवावाच लागतो!

पडद्यावरच्या साहेबानं विचारलं, "मॅडम, वेळ मिळत नाही अशी तक्रार यानं कधी केली होती?"

मुनीरनं तिच्याकडे पाहिलं. त्याचं अन्न, त्याची अब्रू, सगळं त्या बाईच्या जिभेवर! टेबलाशी उभा राहून तो बोललेला शब्द न् शब्द तिच्या कानात घुमत होता. आणि ती म्हणाली —

"माझ्याकडे लेखी काही आलं नाही."

खरं होतं! शंभर टक्के खरं!

मुनीर हळूच म्हणाला, "हो. तोंडीच सांगितलं होतं." पण घाटग्यांनी पडदा बंद केला होता. पोराची नोकरी गेली. पोरगी मारली म्हणून नाव झालं, पुन्हा कुणी दारात उभं केलं नाही. हेमांगीबाई बढती घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या. आजवर एक अक्षर खोटं बोललेल्या नाहीत!

काका, आता मान हलत नाही तुमची?

हसू नका, बाकीच्यांनो! मुलगी दाखवायच्या दिवशी फटकळ आत्याला देवळात कोण धाडतं? सोसायटीची सभा कटकट्या माणूस गावाला गेल्यावर कोण ठेवतं? हात वर करू नका, मला दिसतंय सगळं. फक्त एवढं सांगा — आज इथं येताना, खरं बोलेल म्हणून घरातल्या कुणाला मागं ठेवून आलात?