बांगड्याचं कालवण आणि मशीनमधला झोल

मशीन, मशीन काय करताय रे सारखं, आधी आमच्या सावंतचं ऐका. रविवारी त्याच्याकडे चिंचपोकळीला जेवायला गेलो, तर दारात एक सर्व्हेवाली पोरगी हातात टॅब घेऊन उभी. वहिनी खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या आणि सावंत आत ओट्यापाशी बांगडे साफ करतोय. वहिनींची बँकेतली नोकरी चालू आहे, ह्याने व्हीआरएस घेतली, तेव्हापासून सैपाक ह्याच्याकडेच.

पोरीने विचारलं, "निवडणुकीवर विश्वास आहे का?"

आतून सावंत गरजला, "अजिबात नाय! सर्व्हे एक सांगतात नि निकाल भलताच लागतो. लोक काय सर्व्हेत खोटं बोलतात? मशीनमध्येच झोल आहे, लिहा!"

तिने लिहून घेतलं. "आणि तुमच्या घरात पुरुष स्वयंपाक करतात का?"

"छ्या! असली थेरं आमच्याकडे नाय चालत. किचन बायकोचंच!" आणि त्याच दमात, "अगो, कालवणात तिरफळां किती घालू?"

"पाच. आणि ठेचून घाला," वहिनी पेपरातून मान वर न काढता म्हणाल्या.

टॅबवर 'नाही' दाबायला निघालेलं त्या पोरीचं बोट तसंच हवेत राहिलं. मी हसू दाबतोय. तिने हळूच विचारलं, "काकी, मग मी नक्की काय लिहू?"

वहिनींनी पेपराचं पान उलटलं. "ते सांगतात तेच लिही गं. उद्या निकाल वेगळा लागला, की मशीनला शिव्या घालायला ते मोकळे."