मिझुकोशी ब्रेकचा दगड

हलवायचा म्हणजे? हा दगड? — बस त्या पायरीवर, आत्ताच झाडलीय. हेड ऑफिसातून एवढा डोंगर चढून आलीस ती मला हे सांगायला? मघाशी म्हणालीस कंपनीचा शंभर वर्षांचा इतिहास लिहितेय, आणि आता म्हणतेस वसंतात मशीन लावून दगड उपटणार — का, तर कंपनी दुसऱ्या कंपनीत गेली, नाव बदललं. अगं, नाव जिवंतांचं बदललं. या दगडावर ज्या कामगारांची नावं कोरलीत ते मिझुकोशी ब्रेकचे म्हणून मेलेत. त्यांना कोण कळवणार? तू?

इतिहास पाहिजे ना, मग घे. थोरल्या मिझुकोशींनी गोठ्यात धंदा काढला — हातगाडीचे ब्रेक, लाकडाचे, वर चामडं. मग लढाई आली, लष्कराचे ट्रक आले. लढाई हरल्यावर कढया नि खुरपी केली — हे नाही छापणार तुझे साहेब, लाज वाटेल त्यांना. मग आगगाड्या, मग लॉऱ्या, मग ही मोठाली खोदायची यंत्रं. मी शाळा अर्धी टाकून आलो नि अस्तराच्या खात्यात लागलो. ब्रेक दाबला की आत जे चाकाला घासतं ना, ते अस्तर. अॅस्बेस्टॉसचं. आम्ही दगडी कापूस म्हणायचो. डब्यातल्या भातावर येऊन बसायचा — फुंकर मारायची नि खायचं. हा बघ, वरून तिसरा, ओनिशी. माझ्या शेजारी उभा राहायचा. गाणं इतकं भिकार म्हणायचा की मी म्हणायचो, बाबा, मशीन चालू कर, ते बरं. शेवटी शेवटी गाणं सोड, जिना चढेना त्याला. छाती. सगळ्यांची छातीच. मला? मला काही झालं नाही. बैलासारखा आहे मी. तेच तर —

ऐकलंस? — नाही? कपडे झटकल्यासारखं, फट् फट्, त्या देवदारांच्या मागं? बरं. नसेल.

शिगेनो झटकायची माझे कपडे. बायको माझी. रोज संध्याकाळी अंगणात, वाऱ्याकडं तोंड करून — असा पांढरा लोट उठायचा, केसांवर बसायचा. हसायची. म्हणायची, आज परत बर्फ घेऊन आलात का हो घरी? आणि मी काय म्हणायचो, तर गप झटक नि वाढ. कारखान्यात पाऊल टाकलं नाही तिनं कधी. अन् छाती तिचीच गेली. मी गेलो होतो ऑफिसात — तिचं नाव घाला म्हटलं दगडावर, एवढंसं, खाली कोपऱ्यात. तिथला टायवाला म्हणतो, आजोबा, त्या आपल्या नोकरीत नव्हत्या. नव्हत्या! कंपनीची धूळ जन्मभर फुकट धुतली तिनं, आणि नोकरीत नव्हत्या!

मग काय करणार. जाळल्यावर हाडं वेचतात ना आपण काठ्यांनी — गळ्याचं ते एक हाड असतं, मांडी घालून बसलेल्या बुद्धासारखं दिसतं — ते मी बाहीत लपवून इथं — काही नाही. काही नाही म्हटलं ना! मला वाटलं म्हणून मी इथं झाडायला येतो. म्हातारा माणूस आहे, वेळ जात नाही — अगं, त्या कोपऱ्यात नको उभी राहू! सरक! तिथं ती —

…बूट कशाला काढतेस आता. थंडी आहे. घाल. वाकू पण नको, एवढं कुणी वाकत नाही तिच्यापुढं, घाबरेल ती.

साहेबांना काय सांगणार आहेस? — जाऊ दे. पोटासाठी नोकरी करतेस, तुला काय विचारायचं. सांग त्यांना, खुशाल आणा मशीन. मी मध्ये बसलेला असेन, चटई टाकून. उठणार नाही. ब्रेक आम्ही केलेत त्याचे, चांगले केलेत. थांबेल.

जा आता. शेवटची गाडी जाईल खाली. जा म्हटलं ना.