शेगडीला तेलाचा हात

तुम्हाला सांगते, मी देवीला नवस बोलले होते. लकव्यानं गप्प झालेल्या सासूबाई पुन्हा बोलायला लागल्या, तर त्यांच्याच बिडाच्या शेगडीवर पुरणाचा नैवेद्य करीन. दोन महिने झाले, त्या बोलल्या नाहीत. तरी मी शेगडी बाहेर काढली. पार गंजली होती. आमचे मालक काळ्या रंगाचा डबा घेऊन आले.

"एक हात मारला की नवी दिसंल."

"अन् रंग जळल्यावर नैवेद्याला वास लागंल, त्याचं काय?"

विटेच्या तुकड्यानं मी गंज घासला, करडईचं तेल चोळलं आणि आत लाकडं पेटवली. सासूबाईंची बाज शेजारीच होती. लवकर काळी व्हावी म्हणून मी पुन्हा पुन्हा तेल लावत गेले. नुसता धूर झाला आणि शेगडी चिकट.

"कावून एवढं लावलंस?" बाजेवरून जड, अडखळता आवाज आला. "पूस. पातळ हात दे."

मालक डबा धरून खालीच बसले. मी फडक्यानं शेगडी पुसत राहिले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

तुमची शेगडी गंजली असेल तर रंग लावू नका. तेलाचा पातळ हात द्या, जाळ मंद ठेवा, आणि घरातलं गप्प झालेलं माणूस जवळ बसवून घ्या.