खातेदार हयात

वीरेंद्र : म्हणजे मृत्यूचा दाखला अजून पाठवला नाही ना? तेवढंच सांगा, काकू.

अंबुबाई : न्हाय रं. ट्रंकेत हाय. झेरॉक्सवाला मारुतीराव म्हणाला, सोमवारी आण, मेलला जोडून देतो. पर तू उंबऱ्यातच का हुबा? माझ्या आदर्शचा जिवाचा दोस्त तू. वरीस झालं फिरकला न्हाईस, आन् आज एवढ्या रातचं निपाणीहून गाडी मारत आलास.

वीरेंद्र : त्या कंपनीला मारुतीरावानं काय लिहिलं, आठवतंय?

अंबुबाई : न आठवायला काय झालं? मी सांगितलं, त्येनं इंग्रजीत घातलं. माझा मुलगा गेल्या श्रावणात तिसऱ्या रेल्वे गेटजवळ ट्रकखाली गेला. उद्यमबागेतल्या कारखान्यात दिवसभर काम करून रात्री तो तुमच्या प्रोग्रामात फाशांच्या खेळाचे नकाशे काढायचा. मी त्येची आई, वारस. खात्याला माझं नाव लावा आन् त्येचा मोठा नकाशा मला छापून द्या.

वीरेंद्र : कुणी सांगितलं होतं कळवायला?

अंबुबाई : सांगायला कशाला पायजे? माणूस गेलं की चावडीत कळवायचं, वारसा लावून घ्यायचा. त्येचे वडील गेले तवा बी मीच गेलते. उताऱ्यावर माझं नाव चढलं का न्हाय?

वीरेंद्र : ही चावडी नाही, काकू! हे लायसन्स आहे. एका माणसाच्या नावावर. माणूस मेला की संपलं. वारसाला लागू नाही, असं छापलंय त्यात. तुम्ही गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं. महिन्याचे पैसे माझ्या कार्डावरून जात होते. तुम्ही कळवलंत, त्यांनी कुलूप घातलं. दाखला पोचला की सगळं पुसून टाकणार.

अंबुबाई : पुसणार? त्येनं काढल्यालं?

वीरेंद्र : नकाशा त्यांच्याच मशीनवर असतो. आपल्याकडे काही राहत नाही. छापायचा झाला तरी खातं चालू लागतं. टर्म्स तशा आहेत.

अंबुबाई : ह्ये त्येला ठावं होतं?

वीरेंद्र : मान्य आहे म्हणून टिचकी मारली होती त्यानं. सगळेच मारतात. वाचतंय कोण?

अंबुबाई : थांब जरा. पैसे तुझ्या कार्डावरनं जात होते म्हणालास. म्हंजे वरीसभर खातं चालू होतं. कोण वापरत होतं?

वीरेंद्र : मी. पासवर्ड माझ्याकडे होता. नकाशा अर्धा राहिलेला, मी पुरा करत होतो.

अंबुबाई : आन् त्येचं काय राहिलंय का म्हणून मी इचारलं तवा? तेराव्याला पानावर बसून म्हणालास, काकू, त्येच्याबरोबर सगळं गेलं. बुंदीचा लाडू मागून घेतलास वर.

वीरेंद्र : तुम्हाला काय करायचं होतं त्याचं? तो असताना एकदा तरी नीट बघितला का? टेबलावर कागद पसरून फासे टाकणारी रिकामटेकडी पोरं, असं म्हणायचात तुम्ही आम्हाला. माझ्यासमोर कॉम्प्युटरची पिन उपसली होती.

अंबुबाई : आई हाय. पिन उपशीन, न्हाय तर कॉम्प्युटर हिरीत टाकीन. तू कोण इचारणारा?

वीरेंद्र : मग आता एकदम नकाशा कशाला हवा झाला?

अंबुबाई : मारुतीरावाकडं त्येचा एक तुकडा निघाला. आदर्शनं कवातरी छापून बघायला दिलता. त्येनं मला दाखवला. आधी मला वाटलं, असंल कुठला परमुलूख. किल्ले काय, राक्षस काय. मग बघते तर, अरं, ह्यो तर आपला शिवार! घोडेटेक हाय, तीन चिंचा हाईत, गुरवाची खाच हाय, सासूसुनेचा ओढा हाय. कडोलीच्या वाटेनं जाताना त्येला खांद्यावर बसवून मी एकेक नाव सांगायची. त्या ओढ्यावर एक सासू आन् सून धुणं घेऊन जायच्या, ती वर बसायची, ही खाली, आन् एकमेकीकडं न बघता भांडायच्या. माझ्या सासूनं बघितल्यात त्या. पोरानं त्यो ओढा दोन राज्यांच्या मदी घातला बघ.

वीरेंद्र : लोकांना आवडला तो. जर्मनीतली पोरं खेळून बघतायत, त्यात होड्या घालतात.

अंबुबाई : आता कुठला राहिलाय? घोडेटेक फोडून पलाट पाडले. ओढा पायपात घातला. चिंचा तर इकत बी घेतल्या न्हाईत कुणी, तिथंच जाळल्या. त्या कागदावर तेवढं सगळं शाबूत हाय. म्हणून म्हटलं, भिंतीला लावीन. त्येचं नाव खाली असंल. येताजाता वाचीन.

वीरेंद्र : मिळेल की. ऐका तर. बेंगळूरचे एक जण आपला फाशांचा खेळ विकत घेतायत. मोठा, कापडावर छापणार आहेत नकाशा.

अंबुबाई : आदर्शचं नाव घालून?

वीरेंद्र : घालूनच. तुम्हाला पहिला आणून देतो. फक्त कुलूप निघायला पाहिजे. त्यांना म्हणायचं, चुकून कळवलं गेलं, खातेदार हयात आहे. मी फोन लावतो, आदर्श म्हणून मीच बोलतो. तुम्ही एवढंच सांगायचं, हा माझा मुलगा.

अंबुबाई : जीभ झडंल माझी.

वीरेंद्र : तीन शब्द आहेत, काकू.

अंबुबाई : दहाव्याला पिंडाला कावळा शिवंना, म्हणून उन्हं डोक्यावर येईस्तोवर नदीकाठी बसलेते मी. काय काय कबूल केलं. आदर्शा, तुझ्या बायकोचं बघीन म्हटलं, तिचं दुसरं लगीन लावून दीन म्हटलं. तरी शिवला न्हाय. शेवटी दर्भाचा करून शिववला. आन् त्येला मी जिवंत हाय म्हणू?

वीरेंद्र : जीव कशात अडकला होता, ते आता कळलं ना? की अजून नाही कळलं?

अंबुबाई : आन् दाखला धाडला तर?

वीरेंद्र : सोमवारी दाखला गेला की पुसतील. मग बसा आणखी दहा वर्षं नदीकाठी.

अंबुबाई : लाव फोन.

(वीरेंद्र फोन लावून स्पीकर सुरू करतो आणि मध्ये ठेवतो.)

रूपाली : नमस्कार, मी रूपाली. नकाशाच्या खात्यांचं बघते. बेळगावची केस म्हणून माझ्याकडे दिलीय, मी मूळची चिकोडीची. कोण बोलतंय?

वीरेंद्र : आदर्श मष्णू पावशे. मी वारलो म्हणून तुम्हाला मेल गेलाय. गैरसमज झालाय. आई इथंच बसलीय.

रूपाली : आज्जी, ऐकू येतंय का? हे तुमचे चिरंजीव ना? मला विचारावं लागतं, रागावू नका.

अंबुबाई : व्हय. माझा मुलगा हाय.

रूपाली : देव पावला! तो मेल वाचून त्या दिवशी डबा गेला नाही मला. माझा भाऊ पण तिसऱ्या गेटावरनंच कामाला जातोय. आज्जी, असं कशाला कळवायचं हो भरल्या घरात?

वीरेंद्र : वय झालंय तिचं. काहीही बोलत असते.

रूपाली : बरं, मग कुलूप काढते. अजून काही?

वीरेंद्र : एक आहे. हयात असताना खातं दुसऱ्याला देता येतं ना?

रूपाली : एकदाच येतं. पण मग सगळ्या नकाशांवरचं तुमचं नाव निघतं आणि त्या माणसाचं लागतं. परत फिरत नाही ते.

वीरेंद्र : चालेल. वीरेंद्र आप्पाण्णा चौगुले. माझा मित्र.

अंबुबाई : काय म्हणालास?

वीरेंद्र : काही नाही, आई. तू बस.

अंबुबाई : त्येचं नाव काढायलास?

रूपाली : आज्जी काय म्हणतायत?

वीरेंद्र : तिच्याकडे लक्ष देऊ नका. करा तुम्ही बदल.

अंबुबाई : पोरी, हात लावू नको कशाला. माझा आदर्श गेला. मी अंघोळ घातलीय त्येला. ह्यो बाजूला बसलाय त्यो चौगुल्याचा वीरेंद्र. मघाशी मी लबाड बोलले.

वीरेंद्र : काकू!

रूपाली : आज्जी... खरं कुठलं?

अंबुबाई : दाखला आत्ता धाडते. मारुतीरावाच्या घरी जाऊन उठवते त्येला.

रूपाली : मग मला खातं पुसावं लागंल, आज्जी. नियमच तसा हाय. नकाशा ऱ्हाणार न्हाय. छापल्यालाबी मिळणार न्हाय कुणाला.

अंबुबाई : ह्येला बी न्हाय?

रूपाली : कुणालाच न्हाय.

अंबुबाई : मग पूस, बाई.

रूपाली : आज्जी, जरा विचार करून...

अंबुबाई : तू जेव आता. फोन ठिवते.

वीरेंद्र : काय केलंत! वर्ष घातलं मी त्यात. दोन जिल्हे माझे होते, समुद्र माझा होता! ट्रकवाल्यानं मारलं नसेल एवढं आज तुम्ही मारलंत त्याला.

अंबुबाई : माझा होता.

वीरेंद्र : नाव राहिलं असतं नाही तर गेलं असतं. नकाशा तर राहिला असता! तुमचीच टेक, तुमच्याच चिंचा!

अंबुबाई : ओरडू नको. शेजारची मालुबाई निजलीय.

वीरेंद्र : ऐका. चुकलं माझं. दुसरा प्रोग्राम घेतो, पुन्हा काढतो. वर आदर्शचं नाव, खाली तुमचं. म्हणाल तसं लिहून देतो. बेंगळूरच्यांना शब्द दिलाय मी. नावं आहेत माझ्या ध्यानात, पण काय कुठं होतं ते जुळत नाही. गावात आता विचारायला तुमच्याशिवाय कोण उरलंय?

अंबुबाई : कोण बी न्हाय.

वीरेंद्र : मग सांगा ना. एवढंच सांगा आधी, घोडेटेकीखालनं तो ओढा कुठल्या अंगाला वळायचा?

अंबुबाई : कुठला ओढा?