लाल त्रिकोण

ताई: नक्की काय काय बदललंस ते सांग. एकेक करून.

धाकटा: काही बिघडवलं नाही गं ताई. अपडेट टाकला आणि बाबांची ती थीम काढली. पिवळाधमक पडदा, त्यावर कलिंगडाएवढे आयकॉन. कॉम्प्युटर होता की बालवाडी?

ताई: आणि प्लेअर?

धाकटा: त्याचीही बटणं मूळची केली. काळ्यावर राखाडी. सगळ्या जगात तशीच असतात.

ताई: सगळ्या जगाला दिसतं. आईला राखाडी दिसत नाही. तरीच सकाळपासून गप्प आहे ती.

धाकटा: हळू बोल, उठेल.

ताई: उठणारच आहे. दुपारची झोप काढून पाचला उठते, चहा घेते आणि या खुर्चीत येऊन बसते. बाबा गेल्यापासून रोज. वीस मिनिटं आहेत आपल्याकडे.

धाकटा: मग करू की पूर्वीसारखं. बटणांची चित्रं बाबांनी ठेवलीच असतील कुठेतरी. हं, हे बघ. ‘आईची बटणं अंतिम’. ‘आईची बटणं अंतिम दोन’. ‘आईची बटणं खरंच अंतिम’.

ताई: ते शेवटचं उघड.

धाकटा: जन्मभर नकाशे काढले माणसाने आणि हा त्रिकोण बघ. वाकडा!

ताई: टोक मुद्दाम लांब ओढलंय. नाहीतर तिला तो चौकोन वाटायचा. तीन वेळा पुसून काढला त्यांनी. आणि लाल तिला अजून दिसतं, म्हणून सुरू करायचं बटण ला... थांब. छोट्या, तू लावलेल्या बटणांत लाल कुठलं आहे?

धाकटा: लाल? एकच आहे. तो गोल.

ताई: कसला गोल? बोल ना.

धाकटा: रेकॉर्डिंगचा.

ताई: कधी बदललंस हे सगळं?

धाकटा: काल, तू तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं होतंस तेव्हा.

ताई: म्हणजे कालचं ऐकणं राहिलं तिचं. म्हणून आज सकाळीच बसली होती. मी अंघोळीला गेले होते.

धाकटा: काय लावलं असेल?

ताई: आणखी काय लावते ती? बाबांनी तिच्यासाठी वाचून ठेवलेल्या पुस्तकाचा शेवटचा भाग. सत्तावीस. दवाखान्यात जायच्या आदल्या आठवड्यातला.

धाकटा: पण नुसतं दाबून जुन्यावर नवं कायमचं चढत नाही. बंद करताना विचारतं, बदल ठेवायचे का? डावीकडे ‘हो’, उजवीकडे ‘नाही’.

ताई: झालं मग.

धाकटा: काय झालं?

ताई: बाबांनी तिला सांगून ठेवलं होतं. त्याने काहीही विचारलं तरी घाबरायचं नाही, डावीकडचं दाबून मोकळं व्हायचं.

धाकटा: ताई, पेनड्राइव्हवर दुसरी प्रत असेल.

ताई: त्यावर सव्वीसपर्यंतच आहेत. सत्तावीसची प्रत या खेपेला काढणार होते मी. आज काढते, उद्या काढते... लाव.

धाकटा: तू लाव.

(ती लावते. पंख्याची घरघर. मग आईचा आवाज: “अहो, ऐकू येत नाहीये.” बराच वेळ नुसता पंखा. “जरा मोठ्याने वाचा ना.” पुन्हा पंखा. शेवटी: “बरं, राहू द्या आज.” आणि लगेच बाबांचा आवाज, अर्ध्या वाक्यापासून.)

धाकटा: बंद कर ते.

ताई: अकरा मिनिटं.

धाकटा: तिची सोय व्हावी म्हणून केलं गं मी.

ताई: माहीत आहे मला.

धाकटा: तिला सांगायचंच नाही. तेवढा तुकडा कापतो. सुरुवात थोडी पुढून होईल, एवढंच. तिच्या लक्षातही येणार नाही.

ताई: रोज ऐकते ती. वाचायच्या आधी बाबा किती वेळा खाकरतात तेसुद्धा पाठ आहे तिला.

धाकटा: मग काय सांगणार आहेस? तिच्याच हातून पुसलं गेलं म्हणून?

ताई: तुझ्या हातून. आणि माझ्या आळसाने.

आई: कोणाच्या हातून काय?

ताई: आई! उठलीस? चष्मा कुठाय तुझा?

आई: चष्म्याने काय दिवे लागतायत. कुजबुज मात्र छान ऐकू येते. काय फोडलंत?

धाकटा: आई, मी काल इथली बटणं बदलली. त्यामुळे तू सकाळी जे दाबलंस ना...

आई: लाल दाबलं. हे बोललेच नाहीत. म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं. म्हणून कोणाला सांगितलं नाही.

ताई: तुझं काही चुकलं नाही. पण त्या भागाची पहिली अकरा मिनिटं गेली, आई. परत नाही येणार. पुढचं सगळं आहे.

आई: गेली?

ताई: हो.

आई: त्या जागी काय आहे मग?

ताई: पंखा.

आई: नुसता पंखा?

ताई: हो.

आई: लहानपणापासून खोटं बोलताना अशीच एकेका शब्दात बोलतेस तू. मी बोलले होते, मला आठवतंय.

धाकटा: ते मी कापून टाकतो, आई. आत्ता, दोन मिनिटांत. मग एकदम बाबाच सुरू होतील.

आई: थांब जरा. माझं बोलून झालं की लगेच हे बोलतात?

ताई: हो. लगेच.

आई: मग कापू नकोस.