पाळण्याचा बाजा

नांदेडला कानाच्या दवाखान्यात मी नंबर लावून बसले होते. शेजारच्या बाईनं नुकतंच सासऱ्याला तपासायला आत पाठवलं होतं. पलीकडच्या म्हातारीनं तिला विचारलं,

“कधीपासून ऐकू येईना त्यांना?”

“कान चांगले हायत, मावशी. चूक माझी हाय.”

“ती कशी?”

“माळेगावच्या जत्रेत आमचा लाकडी घोड्यांचा पाळणा असतो. त्याच्यावर मामांचा जुना बाजा हाय. दांडा फिरवला की पुठ्ठा आत सरकतो आन् आपोआप गाणं वाजतं. त्याचा भाता फाटला होता. दोन वर्षं हिंडून मामांनी लातुरात दुरुस्त करून घेतला.”

“मग?”

“तोवर पुठ्ठे माझ्याजवळ होते. बघितलं तर समदी भोकंच भोकं! मला वाटलं, कसरीनं खाल्ले. मैद्याच्या खळीनं कागद चिकटवून एकूणएक भोक बुजवलं.”

“बरंच केलं की.”

“त्या भोकांतनंच वारा जाऊन सूर निघतो, मावशी! मामांनी दांडा फिरवला, तर बाजा मुका. तवा माझ्या ध्यानात आलं. मामा म्हणले, ‘वर्षा, वाजून राहिला का गं? मला ऐकू येईना.’”

“तू काय म्हणलीस?”

“म्हणले, हाव मामा, लई ग्वाड वाजून राहिला.”

“अगं बाई!”

“मग तासभर दांडा फिरवीत बसले. माझ्याकडं बघून मान डोलवीत.”

दार उघडलं. म्हातारबाबा धोतर सावरत बाहेर आले.

“चल पोरी. हा म्हणतो, कान ठणठणीत हायत. याला काही कळंना. दुसरा डॉक्टर बघू. तू कशाला खोटं सांगशील?”